छोटा, पण पुरा

मी लघुपट लिहितो, दिग्दर्शित करतो आणि रिसोडात राहतो. एवढं सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मंग मुंबईले कधी जातं?" आणि त्याच्या पाठोपाठ, "मोठा पिच्चर कधी काढतं?" विचारणाऱ्यांच्या मनात माझ्याबद्दल आपुलकीच असते. पण दोन्ही प्रश्नांमागे समज एकच आहे: लघुपट म्हणजे मोठ्या चित्रपटाची पायरी, आणि तालुक्याचं गाव म्हणजे मुंबईची गाडी पकडायचा स्टँड. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. लघुपट आपल्या जागी पूर्ण असतो, आणि तो करायला रिसोड पुरतं. कसं पुरतं, ते सांगतो.

रिसोड वाशिम जिल्ह्यात आहे. 1 जुलै 1998 ला वाशिम वेगळा झाला, त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. रेल्वे वाशिमला, इथे एसटी. दक्षिणेला पैनगंगा, तिच्या पलीकडे हिंगोलीचा सेनगाव तालुका, पश्चिमेला बुलडाण्यातलं लोणार. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा आणि गहू, पाणी असेल तिथे हळद. सिनेमा शिकवणारी संस्था जवळपास नाही. माझ्या हातात पहिल्यांदा कॅमेरा आला तो लग्नाच्या मांडवात.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे ऑर्डरी सुरू होतात. आधी मी लाईट धरायचो, मग दुसरा कॅमेरा, मग पूर्ण ऑर्डर. या कामाला सिनेमातले लोक कमी लेखतात. मी मात्र जे शिकलो त्यातलं निम्मं तिथेच शिकलो. मंगलाष्टक संपून अक्षता पडतात तो क्षण परत मिळत नाही, म्हणून कुठे उभं राहायचं हे आधीच ठरवावं लागतं. मांडवात भोंगा, जनरेटर, पंगतीचा गलका एकदम चालू असतो. त्यातून भटजींचा आवाज वेगळा कसा घ्यायचा हे कान हळूहळू शिकतो. आणि नवरीला वाटे लावताना कॅमेरा चेहऱ्यावर नेला की माणूस सावध होतो, पदर सारखा करतो, डोळे पुसतो. तोच कॅमेरा बापाच्या हातांवर ठेवला तर ते हात काही लपवत नाहीत. अशा वेळी बाप उगाच गाडीचा दरवाजा तपासत असतो, सामान मोजत असतो. पुढे पटकथा लिहायला बसलो तेव्हा हे हात फार उपयोगी पडले.

लघुपट हा प्रकार मला कळला तो दोन फिल्म्समुळे. उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना केलेली ‘गिरणी’ ही पहिली. घरात पिठाची गिरणी येते आणि तिचा आवाज एका लहान मुलाचं सगळं जग व्यापून टाकतो. गोष्ट एका ओळीत सांगता येते, पण फिल्म पाहताना तो आवाज आपल्याही डोक्यात बसतो. दुसरी नागराज मंजुळे यांची ‘पिस्तुल्या’, शाळेची ओढ असलेल्या पोराची. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या या माणसानं ती अहमदनगरला कॉलेजात शिकत असताना केली, आणि 2010 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या कथाबाह्य चित्रपटाचा सन्मान तिला मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ नंतरचे. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की ‘सैराट’ एवढा चालल्यावरही त्यांनी पुन्हा ‘पावसाचा निबंध’ हा लघुपट केला आणि त्याच्या दिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मोठा चित्रपट जमलेला माणूस परत छोट्याकडे येतो, कारण काही गोष्टी तेवढ्याच लांबीच्या असतात. त्या ताणल्या की विरतात.

आपल्या सिनेमाची सुरुवातही अशीच झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा. त्याच्या आधी, 1912 मध्ये, दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चौकट चौकट टिपून अंकुर वर येताना दाखवणारी छोटी फिल्म केली. ती पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. विषय घरातला, जागा घरातली, नट म्हणजे एक रोप. शेतकऱ्यांच्या तालुक्यात बसून सिनेमा करणाऱ्याला यापेक्षा मोठा धीर कोण देणार?

मी पहिली गंभीर गोष्ट लिहिली ती जागलीची. कृषिपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की पौषाच्या थंडीत माणसं हरभऱ्याला पाणी द्यायला निघतात. लाईन आली की स्टार्टर दाबायचा, तुषार सिंचनाचे पाइप एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात न्यायचे, मधल्या वेळात रोही आणि रानडुकरं हाकलायची. सौर पंप आणि सौर वाहिन्यांमुळे हे हळूहळू बदलतं आहे, पण ज्यांची पाळी अजून रात्रीची आहे त्यांची झोप अजून रानातच आहे. माझ्या गोष्टीत घरचा मुलगा चाकणच्या कंपनीत गेलेला आहे. म्हणून कॉलेजात शिकणारी मुलगी बापाबरोबर जागलीला जाते. एक रात्र, दोन माणसं, एक वावर.

पहिल्या खर्ड्यात भावाबद्दल बरंच बोलणं होतं. तो का गेला, पैसे पाठवतो का, बापाला त्याचं काय वाटतं. लिहिता लिहिता ते एकेक करून निघत गेलं, आणि शेवटी भाऊ राहिला तो फक्त मोटारीच्या खोपडीत. तिथल्या भिंतीवर कोळशानं लिहिलेल्या त्याच्या पाळ्यांच्या तारखा दिसतात, आणि मुलगी त्याच ओळीखाली आपली तारीख लिहिते. बाप ते पाहतो आणि पाइप उचलायला जातो. बस. लघुपटाचं लेखन म्हणजे माझ्या दृष्टीनं हेच काम आहे: माणूस जे तोंडानं सांगणार होता ते त्याच्या हाताला करायला द्यायचं. कादंबरीत मागचं पुढचं सांगायला पानं असतात, मोठ्या चित्रपटात मध्यंतर असतं. इथे प्रेक्षक बसून सावरेपर्यंत तीन मिनिटं गेलेली असतात. म्हणून प्रत्येक दृश्याला मी विचारतो, तू निघून गेलंस तर गोष्ट अडेल का? अडत नसेल तर ते जातं, कितीही आवडतं असलं तरी.

भाषेवरून मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. संवाद प्रमाण मराठीत लिही, सगळीकडे चालेल, असा सल्ला पुष्कळांनी दिला. आमची वऱ्हाडी पडद्यावर आली की लोकांनी हसायचं, ही सवय होऊन बसली आहे. पण उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी 1960 साली आली तेव्हाच या बोलीत केवढं दुःख मावतं ते दिसलं होतं. तिच्या नायिकेचं, कौतिकचं, सगळं आयुष्य त्या बोलीनं पेललं. 2009 मध्ये सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’नं विदर्भातल्या शेतकऱ्याची घुसमट पडद्यावर आणली. मग माझ्या बापलेकीनं वेगळ्या भाषेत का बोलावं? "थंडी वाजून राह्यली का?" असं बाप विचारतो आणि मुलगी "नाई" म्हणते. हे प्रमाण भाषेत लिहून पाहिलं. बाप परका वाटायला लागला. आमच्या तालुक्यात बोलीला नदीपलीकडच्या मराठवाड्याचीही झाक आहे, ती पण तशीच ठेवली.

नट गावातलेच. बापाचं काम ऑटो चालवणाऱ्या, भजनी मंडळात गाणाऱ्या एका काकांनी केलं. त्यांना पाठांतर दिलं नाही. "काका, लाईन आली, आता काय काय कराल ते करा," एवढंच सांगायचो. स्टार्टरचं बटण दाबून ते कान देऊन थांबायचे. मोटारीनं पाणी उचललं की नाही हे आवाजावरून कळतं, आणि ते थांबणं मी लिहूच शकलो नसतो. मुलीच्या कामाला खरोखर बी. ए. करणारी, वयानं सज्ञान मुलगी मिळाली. रात्रीचं शूटिंग म्हणून तिच्या घरी जाऊन आधी सगळं समजावून सांगितलं, आणि पूर्ण शूटिंगभर तिची मावशी सोबत राहिली. मावशीच्या हातच्या भाकरी आणि ठेचा सगळ्या युनिटनं खाल्ला. बाहेरून काम करायला येणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो: गावात शूटिंगचा परवाना माणसांच्या विश्वासातून मिळतो, आणि तो रोज नव्यानं मिळवावा लागतो.

आम्ही शूट केलं पौषात. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे कॅमेरे, लाईट आणि माझी पोरं मोकळी असतात, आणि हरभऱ्याचे घाटे भरायची, पाणी द्यायची वेळही तीच. कॅमेरा साधा होता, पण दोन गोष्टी आम्ही सोडल्या नाहीत. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ट्यूबलाईट किंवा स्वस्त एलईडीखाली शटर चुकीचं ठेवलं तर चित्रात पट्टे फिरतात. म्हणून सेकंदाला 25 चौकटी आणि शटर सेकंदाच्या 50 व्या भागावर. दुसरी गोष्ट आवाजाची. अंधारात चित्र थोडं कमी दिसलं तरी प्रेक्षक सांभाळून घेतो, आवाज वाईट असला तर उठून जातो. बांबूला माइक बांधून आम्ही बूम केला. प्रत्येक जागेवरून निघण्याआधी सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि नुसता तिथला अँबियन्स रेकॉर्ड करायचा. रातकिडे, लांबचं कुत्रं, तुषारची टिकटिक आणि पानांवर पडणारं पाणी. संकलनात दोन शॉट एकमेकांना जोडून ठेवले ते या आवाजांनी. गाणं नाही, पार्श्वसंगीत नाही. तुषारची लय होती, ती पुरली.

कागदपत्रांचं बोलणं कलेच्या चर्चेत कोणी करत नाही, म्हणून मी मुद्दाम करतो. सिनेमॅटोग्राफ कायदा 1952 चा. त्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं आणि लघुपटालाही ते लागू आहे. राष्ट्रीय पुरस्कारासाठी पाठवायचं तरी प्रमाणपत्र हवं. अर्ज ऑनलाइन भरता येतो. फिल्ममध्ये प्राण्यांकडून काम करून घेणार असाल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. बैलजोडी घालायचा मोह आमच्याकडे सगळ्यांनाच होतो, पण लिहितानाच ठरवावं की तिची खरंच गरज आहे का. बापाच्या तोंडात बिडी दाखवली तर त्या दृश्यावर तंबाखूचा इशारा दाखवावा लागतो. मी दोन्ही काढली. बिडीच्या जागी बापाच्या हातात पान्हा आला, आणि तो जास्त खरा ठरला, कारण रात्री तुषारच्या नोझलशी झटापट चालूच असते.

मग महोत्सव. मुंबईचा माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव 1990 पासून आहे, केरळचा तिरुवनंतपुरममधला 2008 पासून. जगभरातले पुष्कळ महोत्सव आता फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळावर एका जागी दिसतात आणि फिल्म घरबसल्या पाठवता येते. प्रवेश फी बहुतेक ठिकाणी डॉलरमध्ये असते. नुसतं नाव आणि बिल्ला देणारे, पडद्यावर काहीच न दाखवणारे महोत्सवही भरपूर निघाले आहेत. मी निवड अशी करतो: तिथे खरंच प्रेक्षक बसतात का, परीक्षकांची नावं आधी जाहीर होतात का, आणि मागच्या वर्षीच्या फिल्म्स पाहायला मिळतात का. नकार भरपूर येतात. एका महोत्सवात आमच्या जागलीची निवड झाली, तेव्हा ऑटोवाले काका माझ्याबरोबर आले आणि फिल्म संपल्यावर अनोळखी माणसांनी त्यांचा हात हातात घेतला. त्यांच्या गावाचं नाव त्या लोकांनी दोनदा विचारून घेतलं. तो मान त्यांचा होता आणि तो त्यांना मिळाला, याचा मला फार आनंद आहे.

पण माझ्या कामाला दिशा मिळाली ती गावातल्या प्रयोगानं. प्रमाणपत्र हातात आल्यावर, ज्या गावच्या शिवारात शूटिंग केलं तिथल्या मारुतीच्या पारासमोर पडदा लावला. प्रोजेक्टर शाळेच्या सरांनी मिळवून दिला. माणसं आली, बाया आल्या, पोरं पुढे बसली. फिल्ममध्ये मोटार सुरू झाली तसा मागून आवाज आला, "उचललं पानी!" पडद्यावरची मोटार त्यांनी कानानं ओळखली होती. फिल्म संपल्यावर मी कोणाला काही विचारायचं आहे का म्हणून थांबलो. पुरुष पाइपांबद्दल बोलले, पाळ्यांबद्दल बोलले. मग मागच्या बाजूनं एक आजी म्हणाल्या, "पोरगी गेली बापासंगं रानात. मंग तिची माय रातभर घरी काय करत होती? तिले झोप लागली असंन का?"

दुसरा लघुपट त्या प्रश्नातून आला. तो सगळा एका घरात घडतो. घरातल्यांचं ठरलेलं असतं की रानातून दर तासाला एक मिस कॉल द्यायचा, म्हणजे सगळं ठीक आहे. माय जात्याजवळ अंथरूण टाकते, मोबाइल उशाशी ठेवते. अकराचा कॉल येतो, बाराचा येतो. एकचा येत नाही. ती उठते, तूर निवडायला घेते, चूल सारवते, सूप जाग्यावर ठेवते, परत उचलते. शेवटी फोन लावते. पलीकडून कोणी बोलत नाही, पण तुषारची टिकटिक ऐकू येते. पाइप बदलताना मुलीच्या खिशात फोन चुकून उचलला गेलेला असतो. माय बराच वेळ तो आवाज ऐकत राहते आणि मग चहाचं आधण ठेवते. पहिल्या फिल्मच्या वेळी रेकॉर्ड करून ठेवलेलाच आवाज यात वापरला. हा लघुपट पाहून बायका माझ्याशी जेवढ्या बोलल्या तेवढ्या आधी कधी बोलल्या नव्हत्या. कोणी नवऱ्याच्या रात्रपाळीबद्दल सांगितलं, कोणी ऊसतोडीला गेलेल्या मुलाबद्दल. त्या बोलण्यांच्या वह्या भरल्या आहेत आणि माझं पुढचं सगळं काम त्या वह्यांत आहे.

याला करिअर म्हणायचं का, असं कॉलेजातली मुलं मला विचारतात. मी त्यांना स्पष्ट सांगतो. लघुपटाला तिकीट नाही, त्यामुळे तो विकून घर चालत नाही. बक्षिसाची रक्कम कधी येते, पण तिच्यावर हिशोब मांडता येत नाही. माझं घर लग्नाच्या ऑर्डरींवर, शाळांच्या स्नेहसंमेलनांवर आणि सप्ताहातल्या कीर्तनांच्या थेट प्रक्षेपणावर चालतं. लग्नसराईत कमावतो, पावसाळ्यात लिहितो, पौषात शूट करतो, उन्हाळ्यातल्या दुपारी संकलन करतो. ही वाटणी मला कमीपणाची वाटत नाही. कोणाच्या पैशाच्या दबावाखाली शेवट बदलावा लागत नाही, फिल्ममध्ये विनाकारण गाणं घालावं लागत नाही, आणि जी माणसं पडद्यावर आहेत तीच उद्या बाजारात भेटणार आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल खोटं दाखवायची हिंमत होत नाही. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. मुंबईत राहून मी गावावर फिल्म केली असती तर ती कदाचित देखणी झाली असती. पण त्या आजींचा प्रश्न मला कोणी विचारला नसता.

लिहू पाहणाऱ्या पोरापोरींना माझं सांगणं थोडकं आहे. कॅमेऱ्याच्या किमतीत अडकू नका, खिशातला मोबाइल सुरुवातीला पुरतो. माइकवर मात्र पैसे घाला. जी जागा तुम्हाला फुकट मिळते, जे काम तुमच्या घरात रोज चालतं, त्याच्यावर आधी लिहा. दालमिल, हळद शिजवायची कढई, बाजार समितीतला लिलाव, स्टँडवरची शेवटची गाडी, यातल्या प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटांची गोष्ट आहे, आणि ती पुण्या-मुंबईच्या लेखकाला दिसणार नाही. फिल्म झाली की आधी ज्यांच्यावर केली त्यांना दाखवा.

आणि रिसोडातल्या मोठ्यांना एक मागणं आहे. आमच्याकडे लिहिणारी मुलं आहेत, नट आहेत, उपकरणं भाड्यानं मिळतात. कमी आहे ती नेमानं बघायच्या जागेची. महिन्यातून एक संध्याकाळ एखाद्या शाळेचं सभागृह मिळालं, प्रोजेक्टर लागला, प्रमाणपत्र असलेले तीन-चार लघुपट दाखवले आणि त्यावर तासभर बोलणं झालं, तर पाच वर्षांत या तालुक्यातून स्वतःच्या भाषेत सिनेमा लिहिणारी एक पिढी उभी राहील, असं मला मनापासून वाटतं. कीर्तनाला, पोळ्याच्या झडत्यांना, भजनाला आमच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या श्रोते दिले, म्हणून ते टिकले. सिनेमालाही तेवढंच हवं आहे. फिल्म्स गोळा करणं, प्रमाणपत्रांचं पाहणं, पडदा लावणं आणि मुलांच्या पटकथा वाचणं, हे सगळं मी करीन. सभागृहाची किल्ली तेवढी कोणीतरी द्यावी.